उसन्या कोडचा धनी कोण?

एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे जायच्या पद्धतीने) लॉगिन व्हायला एरवी ०.३ सेकंद लागायचे, तिथे ०.८ सेकंद लागू लागले. मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरच्या हे लक्षात आलं. ते खरं तर डेटाबेसचा वेग मोजत होते. मोजमापात घोळ नको म्हणून त्यांनी मशीनवरची बाकीची कामं बंद केली होती. तरी एसएसएचचा सर्व्हर प्रोसेस सीपीयू खात होता, आणि तोही चुकीच्या युजरनेमने येऊन नाकारल्या जाणाऱ्या लॉगिनसाठी. अर्ध्या सेकंदाकडे काणाडोळा करायला कारणं हवी तेवढी सापडली असती. त्यांनी तो केला नाही, आणि २९ मार्चला जगाला कळलं की एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांमध्ये चोरदार बसवलेलं आहे. ज्याच्याकडे विशिष्ट खाजगी की असेल, त्याला पासवर्डशिवाय सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. मोठ्या लिनक्स वितरणांच्या (लिनक्सच्या तयार संचांच्या) स्थिर आवृत्त्यांपर्यंत हे पोहोचायचं होतं, म्हणून निभावलं.

या प्रकरणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, पण बहुतेकांचा रोख हल्लेखोराच्या चिकाटीवर होता. ती होतीच. बनावट नावाच्या त्या माणसाने दोन वर्षांहून जास्त काळ नीट, उपयोगी पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवले. त्याच सुमारास दुसऱ्या काही नावांनी मूळ मेंटेनरवर (प्रकल्प सांभाळणाऱ्यावर) दबाव आणला : रिलीज का होत नाही, दुसऱ्या कुणाला हक्क का देत नाही? मूळ मेंटेनर एकटा होता. हा छंदाचा, बिनपगारी प्रकल्प आहे असं त्याने तेव्हाच लिहून ठेवलं होतं. शेवटी त्याने हक्क दिले. जगातल्या असंख्य सर्व्हरवर असलेली लायब्ररी एक थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, आणि ती वापरणाऱ्या एकाही कंपनीने त्याला अधिक चांगला मदतनीस देऊ केला नव्हता. हल्लेखोराने ती रिकामी जागा भरली.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपण एखादं पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार भाग, घेतो तेव्हा आपल्याला वाटतं आपण कोड घेतला. कोड तर घेतोच, पण त्याबरोबर कुणाचं तरी पुढच्या अनेक वर्षांचं लक्षही गृहीत धरतो. बग आला तर तो बघेल, प्लॅटफॉर्म बदलला तर तो जुळवून घेईल, स्वतःचा पासवर्ड तो जपेल, कंटाळला तर योग्य माणसाच्या हाती सोपवेल. यातलं काहीही त्याने कबूल केलेलं नसतं. एमआयटी या खुल्या कोडच्या प्रचलित लायसन्समध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं : आहे तसं घ्या, हमी नाही. लायसन्स वाचून घ्यायचं आणि वागायचं मात्र हमी असल्यासारखं, ही आपल्या धंद्याची जुनी सवय आहे, आणि ती मोडायला हवी. पॅकेज ज्या दिवशी आपल्या प्रॉडक्टमध्ये आलं, त्या दिवसापासून ते सांभाळायची जबाबदारी आपली. मूळ लेखक मदत करत असेल तर उत्तम, पण धनी आपण.

एक्सझेडमध्ये तांत्रिक बाजूने काय घडलं हे जवळून पाहण्यासारखं आहे, कारण निष्काळजीपणाचे थर तिथे एकाखाली एक दिसतात. घातक कोड सोर्स फाइलमध्ये नव्हताच. तो कॉम्प्रेशन तपासण्यासाठी ठेवलेल्या बायनरी टेस्ट फाइलींमध्ये दडवला होता. मुद्दाम बिघडवलेल्या फाइली अशा टेस्टना लागतातच, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. तो कोड बाहेर काढून बिल्डमध्ये (सोर्सपासून चालणारा प्रोग्राम बनवताना) घुसवणारी ओळ गिट रिपॉझिटरीत, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात, नव्हती, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायच्या गठ्ठा फाइलीत) होती. म्हणजे गिटमधली प्रत्येक कमिट (नोंदवलेला बदल) वाचणारा माणूससुद्धा फसला असता. आणि एसएसएचचा एक्सझेडशी संबंध काय? थेट काहीच नाही. सर्व्हर सुरू झाला की सिस्टमडी या लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला ‘तयार आहे’ एवढा निरोप जावा, म्हणून काही वितरणांनी एसएसएचमध्ये सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती. त्या लायब्ररीत इतर कामांसाठी एक्सझेड होतं. एका सॉकेटवर एक ओळ लिहायची होती, त्यासाठी अख्खी लायब्ररी आणि तिचं गोत जगातल्या सर्वांत संवेदनशील प्रोसेसमध्ये आलं. पुढे ओपनएसएसएचने (एसएसएचचा तो सर्व्हर लिहिणाऱ्या प्रकल्पाने) ९.८ या आवृत्तीत तो निरोप पाठवायचा कोड स्वतःच लिहिला. काम थोडक्या ओळींचं होतं.

‘थोडक्या ओळी’ म्हटलं की लेफ्टपॅड आठवतं. २२ मार्च २०१६ रोजी एका लेखकाने, पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादानंतर, एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारावरची आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस मागे घेतली. त्यातलं एक होतं मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरून त्याची लांबी जुळवणारं, ११ ओळींचं फंक्शन. बाबेलसारखी जावास्क्रिप्टची साधनं आडवळणाने त्यावर टेकलेली होती, म्हणून जगभरचे बिल्ड बंद पडले. एनपीएमला ते पॅकेज लेखकाच्या इच्छेविरुद्ध परत टाकावं लागलं. मग नियम बदलले, आणि प्रकाशित पॅकेज असं सहजी मागे घेता येणार नाही अशी सोय झाली. जावास्क्रिप्टमध्येही २०१७ च्या मानकात हे काम करणारं फंक्शन आलं.

तेव्हा सगळे ११ ओळींवर हसले. माझ्या मते धडा चुकीचा घेतला गेला. ओळी ११ असोत की ११ हजार, आपल्या बिल्डमध्ये बदल करायचा हक्क आपण बाहेरच्या माणसाला देतो, हा मूळ प्रश्न आहे. हा हक्क कुठे लिहिलेला असतो? पॅकेजच्या यादीत, आवृत्तीच्या आकड्याआधीच्या एका खुणेत. ^१.२.३ असं लिहिलं की त्याचा अर्थ होतो : १.२.३ पासून २.०.० च्या अलीकडचं काहीही चालेल. (आवृत्ती शून्याने सुरू होत असेल तर नियम कडक होतो, ^०.२.३ फक्त ०.३.० च्या अलीकडे थांबतं. हे अनेकांना ठाऊक नसतं.) ती खूण एनपीएम आपणहून टाकतं. उद्या लेखकाने, किंवा त्याचा पासवर्ड चोरलेल्या कुणी, १.२.४ टाकलं तर आपल्या पुढच्या मोकळ्या इन्स्टॉलमध्ये ते येणार.

यावर उतारा लॉक फाइलचा. नेमकी आवृत्ती, ती कुठून आणली तो पत्ता आणि मजकुराचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा त्याचा ठसा) तिच्यात असतो. तरी ती वापरण्याच्या पद्धतीत गडबड असते. सीआय सर्व्हरवर (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर) साधं ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवलं तर यादी आणि लॉक फाइल जुळत नसल्यास ते लॉक फाइल गुपचूप बदलून पुढे जातं. ‘एनपीएम सीआय’ चालवलं तर न जुळणाऱ्या फाइलीवर ते थांबतं. बिल्ड सर्व्हरवर ‘एनपीएम सीआय’च हवं. पायथॉनमध्ये हॅश सक्तीचा करणारा पर्याय पिप या पॅकेज आणणाऱ्या साधनाला आहे, तो फार थोडे लावतात. लॉक फाइलचा डिफ (जुन्या-नव्यातला फरक) कोडच्या रिव्ह्यूमध्ये दोन-तीन हजार ओळींचा येतो आणि सगळे तो मिटवून पुढे जातात. त्यातल्या तीनच गोष्टी बघाव्या : यादीत नव्याने आलेली नावं कोणती, डाउनलोडचा पत्ता कुठे बदललाय का, आणि आवृत्ती तीच असून हॅश वेगळा आहे का. तिसरी गोष्ट दिसली तर मर्ज करायचं नाही (बदल मुख्य कोडमध्ये मिसळायचा नाही), आधी कारण शोधायचं.

इन्स्टॉल करतानाच चालणाऱ्या स्क्रिप्टचाही असाच प्रश्न आहे. पॅकेज डाउनलोड झालं की त्याची स्क्रिप्ट डेव्हलपरच्या हक्कांनिशी चालते. त्याच मशीनवर क्लाउडच्या किल्ल्या, गिटचे टोकन, एसएसएचच्या खाजगी की असतात. चोराला प्रॉडक्शनपर्यंत जायची गरजच उरत नाही. एनपीएमला पर्याय असलेल्या पीएनपीएमने २०२५ च्या सुरुवातीला दहाव्या आवृत्तीपासून अशा स्क्रिप्ट आपणहून चालवणं बंद केलं. ज्या पॅकेजला खरोखर लागते त्याचं नाव आपण लिहायचं. हीच योग्य दिशा आहे. गो भाषेने त्याहून आधी वेगळा मार्ग धरला : सगळ्या अटी पूर्ण करणारी सर्वांत कमी आवृत्ती निवडायची, त्यामुळे नवीन रिलीज आपण मागितल्याशिवाय येत नाही. साधनाचं मुळातलं वागणं कसं ठेवलंय यावर लाखो प्रकल्पांची सुरक्षितता ठरते, कारण बहुतेक लोक ते कधीच बदलत नाहीत.

नवीन आवृत्ती लगेच घ्यायची की थांबायचं, यावर टीममध्ये हमखास वाद होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग यांच्यासह १८ लोकप्रिय पॅकेजेसमध्ये घातक कोड घुसला. आठवड्याला मिळून दोन अब्जांहून जास्त वेळा डाउनलोड होणारी ही पॅकेजेस. हल्लेखोराने काही भारी तंत्र वापरलं नव्हतं. एनपीएमच्या नावासारख्या डोमेनवरून मेंटेनरला एक मेल आली, त्याने दुव्यावर जाऊन माहिती भरली, संपलं. घातक आवृत्त्या सुमारे दोन तासच उपलब्ध होत्या. नवी आवृत्ती आठवडाभर जुनी होईपर्यंत घ्यायची नाही एवढा एक नियम ज्यांनी लावलेला होता, त्यांना काहीच झालं नाही.

लगेच उलट प्रश्न येतो : सुरक्षेचा पॅचही आठवडाभर अडवणार का? नाही. दोन वाटा वेगळ्या ठेवायच्या. ज्या अपडेटमागे जाहीर झालेली त्रुटी आहे ते त्याच दिवशी, माणसाने डिफ बघून. बाकी सगळं सात दिवसांनी. अपडेट सुचवणाऱ्या बहुतेक साधनांत आता ही सोय आहे. टेस्ट पास झाल्या की आपोआप मर्ज, ही पद्धत मात्र मला मुळीच मान्य नाही. टेस्ट आपल्या अपेक्षा तपासतात. चोराचा कोड त्या अपेक्षा मोडत नाही, तो शेजारी बसून आपलं काम करतो.

२०१८ च्या इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजच्या प्रकरणात हे अगदी स्पष्ट दिसलं. मूळ लेखक ते पॅकेज वापरत नव्हता. एकाने मदत देऊ केली, त्याने हक्क दिले. नव्या माणसाने एक नवी डिपेन्डन्सी (ज्यावर कोड टेकतो असं दुसरं पॅकेज) जोडली आणि तिच्यात कूटबद्ध केलेला मजकूर ठेवला. तो उलगडायची किल्ली होती एका विशिष्ट बिटकॉइन वॉलेटच्या पॅकेजमधलं वर्णनाचं वाक्य. म्हणजे इतर सगळीकडे तो मजकूर निरुपयोगी, टेस्ट हिरव्या, आणि फक्त त्या वॉलेटच्या बिल्डमध्ये तो जागा होणार. पकडला गेला तो एका जुनाट क्रिप्टो फंक्शनच्या इशाऱ्यामुळे. टर्मिनलवर येणारी, सहसा कुणी न वाचणारी ‘हे फंक्शन आता वापरू नका’ अशी ओळ कुणीतरी वाचली आणि विचारलं की हे येतंय कुठून. तेव्हा मूळ लेखकावर फार राग काढला गेला. तो अन्याय होता. ज्याला त्या कोडचा ना उपयोग, ना पगार, त्याने वारसाची चौकशी करायची आणि त्यावर पैसे कमावणाऱ्यांनी विचारायचंसुद्धा नाही, हा कुठला न्याय?

लॉगफॉरजे या जावामधल्या, लॉग (नोंदी) लिहिणाऱ्या लायब्ररीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे कुणाचा वाईट हेतू नव्हता. २०१३ मध्ये आलेल्या एका सोयीमुळे, लॉगमध्ये लिहायच्या मजकुरात विशिष्ट खुणा असल्या की लायब्ररी तो नुसता लिहीत नसे. त्यातल्या पत्त्यावर जाऊन तिथून आलेला कोड चालवायची वेळ येई. डिसेंबर २०२१ मध्ये हे जाहीर झालं, धोक्याची पातळी १० पैकी १०. पहिला पॅच अपुरा ठरला आणि २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत तीन आठवड्यांच्या आत चार आवृत्त्या काढाव्या लागल्या. स्वयंसेवकांनी झोप मोडून त्या काढल्या. पॅच पहिल्याच दिवशी होता, तरी कंपन्यांचे आठवडे गेले, ते ‘आपल्याकडे लॉगफॉरजे कुठे कुठे आहे’ हे शोधण्यात. जारमध्ये (जावाच्या गठ्ठा फाइलीत) जार, त्याच्या आत नाव बदलून गुंडाळलेली प्रत, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात तिसरी. शिवाय मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनाची एक खोच : एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या तर तो नवी निवडत नाही, आपल्यापासून कमी पायऱ्यांवर असलेली निवडतो. आवृत्ती वाढवली असं वाटतं आणि प्रत्यक्षात जुनीच जाते. म्हणून बदल केल्यावर डिपेन्डन्सीचं पूर्ण झाड छापून, हाती आलेली आवृत्ती डोळ्यांनी पाहायची.

यावर उपाय म्हणून घटकांच्या यादीचा, म्हणजे एसबॉमचा आग्रह धरला जातो. तो रास्त आहे. सायक्लोनडीएक्स आणि एसपीडीएक्स हे दोन नमुने रूढ आहेत, आणि यादी काढणारी साधनं फुकट मिळतात. फक्त ती यादी सोर्स फोल्डरमधल्या पॅकेजच्या यादीवरून काढू नका. शेवटी जी कंटेनर इमेज (प्रॉडक्ट आणि त्याला लागणारं सगळं असलेला गठ्ठा) सर्व्हरवर जाते, तिच्यावरून काढा. तिच्या पायाशी असलेल्या बेस इमेजमधली ऑपरेटिंग सिस्टमची पॅकेजेस पहिल्या पद्धतीत निसटतात. हाताने कॉपी करून आणलेला कोड दोन्ही पद्धतींत निसटू शकतो, त्याची नोंद माणसानेच ठेवावी लागते. आणि यादी प्रत्येक रिलीजबरोबर साठवून ठेवली नाही तर गेल्या वर्षी ग्राहकाला दिलेल्या आवृत्तीत काय होतं हे सांगता येत नाही.

मग सगळं स्वतःच लिहावं का? असं म्हणणारे दर मोठ्या प्रकरणानंतर पुढे येतात. मला ते पटत नाही. क्रिप्टोग्राफी, टीएलएस (इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करायची पद्धत), टाइमझोन, युनिकोड, फॉन्ट, व्हिडिओ डिकोडर यांना घरच्या घरी हात घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. यासाठी मी एक कसोटी वापरावी म्हणतो : ज्या कामामागचं जग बदलत राहतं, ते काम बाहेरून घ्यावं. देश घड्याळं पुढेमागे करतात, युनिकोडमध्ये नवीन अक्षरं येतात, हल्ल्यांच्या नव्या पद्धती निघतात. हे सगळं कुणीतरी सतत बघायला हवं, आणि ते आपल्याच्याने होणार नाही. याउलट एकदा लिहून, तपासून जे कायमचं संपतं ते स्वतःकडे ठेवावं. अ‍ॅरेचे तुकडे करणं, मजकूर भरणं, आकडा विषम आहे का पाहणं. यासाठी बाहेरच्या माणसाला आपल्या बिल्डची किल्ली देऊ नये.

एआयच्या मदतीने अशी चाळीस ओळींची फंक्शनं मिनिटभरात लिहून मिळतात, त्यामुळे दुसऱ्या गटाचं पारडं अजून जड झालंय. पण त्यातून दोन नवे घोर लागले आहेत. मॉडेल कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव ठोकून देतं. तेच नाव पुन्हा पुन्हा सुचवलं जातं हे ओळखून कुणी त्या नावाने घातक पॅकेज टाकून ठेवू शकतो. नाव रजिस्ट्रीवर (पॅकेजच्या भांडारात) सापडलं म्हणजे ते खरं, असं धरू नका. रिपॉझिटरी, जुन्या रिलीजचा इतिहास आणि पहिली आवृत्ती कधीची हे पाहा. दुसरं, तयार करून घेतलेल्या कोडमध्ये उद्या त्रुटी निघाली तर ती कळवणारं कुणी नसतं. तिथे आपण पहिल्या ओळीपासूनच एकटे धनी असतो.

पैशांचा मुद्दा टाळून चालणार नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीमधली हार्टब्लीड ही त्रुटी जाहीर झाली. लांबी न तपासल्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतले एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत तुकडे कुणालाही वाचता येत होते. इंटरनेटवरच्या व्यवहारांचं कुलूप असलेल्या त्या प्रकल्पाला तोवर वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती. त्रुटीनंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. दहा वर्षांनी एक्सझेडमध्ये पुन्हा तेच चित्र. आग लागल्यावर पैसा येतो आणि तोही जळालेल्या घराकडेच जातो.

देणगी हा शब्दच मला इथे खटकतो. देखभालीचा खर्च हा धंद्याचा खर्च आहे, सर्व्हरच्या भाड्यासारखा. आणि पैशापेक्षा अनेक मेंटेनरना माणसाचा वेळ जास्त लागतो : आलेल्या बगची खातरजमा करणं, पॅच वाचणं, जुन्या प्लॅटफॉर्मवर टेस्ट चालवणं. दहा जणांच्या टीमने दर पंधरवड्यात एका माणसाचा एक दिवस ज्या दोन-तीन लायब्ररींवर प्रॉडक्ट उभं आहे त्यांच्या कामाला दिला, तर टीमच्या वेळाचा एक टक्का जातो. त्या बदल्यात त्या लायब्ररीचं अंतरंग जाणणारा माणूस घरात तयार होतो. वाईट दिवशी त्याचं मोल कळतं.

युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला. त्यातल्या कळवण्याच्या अटी ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि बाकीच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. त्यावर टीका पुष्कळ झाली. कागदपत्रांचं ओझं वाढणार हे खरंच आहे. पण मूळ भूमिका मला बरोबर वाटते. जो प्रॉडक्ट विकतो, त्याने आत घातलेल्या घटकांची काळजीपूर्वक पारख करायची, त्यात त्रुटी सापडली तर ती मूळ प्रकल्पाला कळवायची, आणि आपण दुरुस्ती केली असेल तर तीही द्यायची. छंद म्हणून कोड देणाऱ्यावर हा बोजा नाही. जबाबदारी पैसे घेणाऱ्याकडे, हे लायसन्समध्ये आधीपासून होतंच, आता कायद्यात आलं.

कायद्याची वाट न पाहता टीमला उद्यापासून करता येईल असं काम म्हणजे एक साधा तक्ता. थेट घेतलेली प्रत्येक डिपेन्डन्सी एका ओळीत, साधारण प्रॉडक्टमध्ये तीस ते ऐंशी ओळी होतात. पुढे रकाने : आपल्याकडे कोण सांभाळतं, कशासाठी घेतली, रिलीज काढायचे हक्क बाहेर किती जणांकडे आहेत, शेवटचं रिलीज कधीचं, तिच्यामागून आणखी किती पॅकेजेस येतात, उद्या ती नाहीशी झाली तर काय करायचं, आणि शेवटची पाहणी कधी केली. पहिल्यांदा भरायला दोन दिवस लागतात. भरताना पाच-सात अशा सापडतात ज्या कुणीच वापरत नाही. त्या तिथल्या तिथे काढाव्या. दोन-तीन अशा निघतात ज्यांच्यापुढे हक्क असणारा एकच माणूस आहे आणि वर्षभरात रिलीज नाही. त्यांच्यापैकी जी लॉगिनच्या किंवा पैशांच्या वाटेवर असेल तिच्यापासून सुरुवात करावी. तिच्या मेंटेनरला एक पत्र लिहावं, आणि त्यात नव्या सोयी मागू नयेत. आम्ही हे कुठे वापरतो, आमच्याकडे आठवड्याला चार तास देऊ शकणारा माणूस आहे, कोणतं काम तुमच्या डोक्यावर सगळ्यात जास्त दिवस पडून आहे, एवढंच विचारावं.